शहराची जमीन विकण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

सार्वजनिक मालकीच्या जमिनी आणि इमारती शहराने विकाव्यात का, आणि विकायच्या झाल्यास पुढच्या काळातील जमीन वापर कोणी व कधी ठरवावा, या विषयावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : शहराची तिजोरी रिकामी असताना मोक्याच्या जागेवरचे मोकळे भूखंड वर्षानुवर्षे पडून राहतात. जाहीर लिलाव करून सर्वांत चढी बोली लावणाऱ्याला ते विकले, तर पैसाही मिळेल आणि गैरव्यवहारालाही वाव उरणार नाही. मग अशा विक्रीला विरोध का होतो?

उत्तर : व्यवहार स्वच्छ असणे आणि तो शहराच्या हिताचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहीर लिलावाने पहिली गोष्ट बऱ्याच अंशी साधते, पण दुसरी आपोआप साधत नाही. बोली लावणारा जमिनीची किंमत मातीवरून ठरवत नाही. त्या जमिनीवर काय बांधता येईल, किती मजले चढवता येतील आणि ते कोणाला विकता येईल, यावरून तो हिशेब मांडतो. वापर आधीच पक्का ठरलेला असेल, तर सर्व बोलीदार एकाच गोष्टीची किंमत सांगत असतात आणि त्यांची तुलना करण्यात अर्थ असतो. वापर मोघम ठेवून लिलाव केला, तर मात्र प्रत्येक बोलीत भविष्यात नियम किती वाकवता येतील याचा अंदाज मिसळलेला असतो, आणि सर्वांत चढी बोली बहुधा त्याचीच असते ज्याला नियम बदलून घेण्याची सर्वांत जास्त खात्री वाटते. पुढे हाच खरेदीदार शहराकडे परत येतो आणि सांगतो की, एवढी किंमत मोजल्यामुळे ठरलेल्या बांधकामात खर्च भरून निघत नाही, तेव्हा चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर बांधता येणारे एकूण क्षेत्र, वाढवून द्यावे किंवा जागेवरचे आरक्षण सैल करावे. तोवर शहराने पैसे खर्च केलेले असतात आणि नकार देण्याचे बळ उरलेले नसते.

भूखंड ‘पडून आहे’ असे म्हणतानाही थोडे थांबायला हवे. काही भूखंड खरोखरच दुर्लक्षामुळे पडून असतात. परंतु काही जागा पुढच्या पिढीची शाळा, अग्निशमन केंद्र, जलशुद्धीकरणाचा विस्तार किंवा वाहनतळ यांसाठी राखलेल्या असतात आणि ती गरज अजून उभी राहिलेली नसते. विकलेली जागा परत घ्यायची वेळ येते तेव्हा शहराला ती स्वतःच वाढवलेल्या बाजारभावाने घ्यावी लागते. बर्लिनचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. कर्जाने बेजार झालेल्या या शहराने २००४ मध्ये सुमारे ६५ हजार घरांची आपली एक गृहनिर्माण कंपनी ४० कोटी युरोंच्या आसपास रोख किमतीला विकली. खरेदीदारांनी कंपनीवरचे दीड अब्ज युरोंहून अधिक कर्जही अंगावर घेतले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्यानंतर घरभाडी वाढत गेली. २०२१ मध्ये शहराच्या गृहनिर्माण कंपन्यांनी सुमारे पावणेपंधरा हजार घरे विकत घेतली, त्यासाठी सुमारे २.४ अब्ज युरो मोजावे लागले. त्याच वर्षी झालेल्या सार्वमतात निम्म्याहून अधिक मतदारांनी मोठ्या गृहकंपन्यांची घरे सार्वजनिक मालकीत घ्यावीत, असा कौल दिला. त्या कौलाचे पुढे काय व्हावे यावर मतभेद आहेत, पण विक्रीच्या दिवशी फायद्याचा वाटलेला व्यवहार दोन दशकांच्या आतच किती वेगळा दिसू लागतो, हे यातून कळते.

प्रश्न : आमच्या चर्चेत दोन तट पडले. एका गटाचे म्हणणे असे की, आधी जमीन विकावी, म्हणजे खरेदीदार आपल्या कल्पनेप्रमाणे विकास सुचवेल आणि आराखडा त्यानुसार करता येईल; दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की, आधी आराखडा करावा. आपले मत काय?

उत्तर : माझे मत दुसऱ्या गटाच्या बाजूचे आहे, आणि ते बरेच ठाम आहे. शहर एकाच वेळी दोन भूमिका बजावत असते : ते जमिनीचे मालक असते आणि जमिनीच्या वापराचे नियमही तेच करते. मालक म्हणून त्याला जास्त किंमत हवी असते. नियामक म्हणून त्याला रस्ता, पाणी, सांडपाणी, शाळा, सावली आणि मोकळी हवा यांचा विचार करायचा असतो. विक्री आधी झाली की मालकाची भूमिका नियामकाच्या भूमिकेवर चढून बसते, कारण किंमत वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बांधकामाची परवानगी वाढवणे. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. त्या परिसराला काय हवे आहे हे प्रथम ठरावे, ते मसुद्याच्या रूपात लोकांपुढे यावे, हरकती व सूचना ऐकल्या जाव्यात, वापर निश्चित व्हावा, आणि मगच जमीन विकायची, भाडेपट्ट्याने द्यायची की शहराकडेच ठेवायची, याचा निर्णय व्हावा. किंमत या सर्वांच्या शेवटी येते.

हा क्रम पाळून मोठे काम कसे उभे राहते याचे एक उदाहरण हॅम्बुर्गच्या जुन्या बंदर भागात पाहता येते. सुमारे १५७ हेक्टरचा हा प्रदेश शहराचा नवा भाग म्हणून विकसित करण्याची घोषणा १९९७ मध्ये झाली आणि २००० मध्ये त्याचा बृहत् आराखडा मंजूर झाला. तेथील जमीन शहराच्या मालकीच्या कंपनीकडे होती. अनेक भूखंड देताना निवडीत किमतीला सुमारे ३० टक्के आणि प्रस्तावाच्या गुणवत्तेला सुमारे ७० टक्के महत्त्व दिले गेले. म्हणजे इमारतीत कोण राहणार, तळमजल्यावर काय असणार, ऊर्जेचा वापर कसा असणार, या गोष्टी बोलीपेक्षा जड ठरल्या. याहूनही शिकण्यासारखी गोष्ट पुढची आहे. निवड झालेल्या विकासकाला जमीन लगेच मिळत नसे. ठरावीक मुदतीपुरता फक्त राखून ठेवल्याचा हक्क मिळत असे. त्या मुदतीत त्याने मातीची तपासणी करायची, वास्तुरचनेची स्पर्धा घ्यायची, शहराच्या यंत्रणेशी बोलून आराखडे पक्के करायचे आणि बांधकाम परवान्यासाठी अर्ज करायचा; खरेदी पूर्ण होई ती त्यानंतर. दिलेला शब्द पाळला गेला नाही, तर जमीन शहराकडेच राहत असे. भूखंड विकत घेऊन भाव चढेपर्यंत तो तसाच ठेवणाऱ्याला या पद्धतीत जागाच उरत नाही.

व्हिएन्ना शहराने नियमाच्या बाजूने तेच साधले. २०१८ मध्ये तेथील बांधकाम कायद्यात बदल झाला आणि जमिनीचा वापर बदलून मोठ्या प्रमाणावर निवासी बांधकामाची परवानगी दिली जाते तेव्हा त्यातील साधारण दोन तृतीयांश क्षेत्र अनुदानित घरांसाठी राखण्याचे तत्त्व आले. यामागचा विचार सरळ आहे. शेतजमीन किंवा गोदामाची जागा निवासी झाली की तिचे मोल अनेक पटींनी वाढते, आणि ही वाढ जमीनमालकाच्या कष्टाने झालेली नसते. ती सार्वजनिक निर्णयाने झालेली असते. कोलंबियाने तर १९९७ च्या एका कायद्याने अशा मूल्यवाढीतील ३० ते ५० टक्के वाटा शहरांना घेता येईल अशी तरतूद केली. शहर स्वतःच विकणारे असेल तर हा वाटा किमतीतच मिळायला हवा, आणि तो मिळतो तो वापरबदल विक्रीच्या आधी झाला तरच. विक्रीनंतरच्या वापरबदलाचा सगळा लाभ खरेदीदाराच्या पदरात पडतो. माझ्या दृष्टीने सार्वजनिक जमिनीच्या व्यवहारातील सर्वांत मोठे नुकसान येथे होते, आणि ते कोणत्याही हिशेबाच्या कागदावर दिसत नसल्यामुळे त्याची चर्चाही होत नाही.

आराखडा एकदा झाला की तो पाळलाही गेला पाहिजे. बंगळूरच्या एका विस्तारित वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा एका संस्थेला रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले, आणि १९९१ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवले. रुग्णालयही लोकांच्याच उपयोगाचे, मग बिघडले कुठे, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. आराखड्यात उद्यान म्हणून राखलेली जागा एखाद्या अधिकाराच्या खुर्चीवरून दिलेल्या आदेशाने दुसऱ्या कामाला वळवता येत नाही, त्यासाठी कायद्याने ठरवलेली पद्धत पाळावी लागते, हा त्या निकालाचा गाभा आहे.

प्रश्न : विक्रीऐवजी ९९ वर्षांचा भाडेपट्टा केला, तर मालकी शहराकडेच राहते. मग सर्वच जमिनी भाडेपट्ट्याने का देऊ नयेत? इतक्या दीर्घ भाडेपट्ट्यात आणि विक्रीत खरोखर काही फरक असतो का?

उत्तर : फरक असतो, पण तो भाडेपट्ट्याच्या अटींमध्ये असतो, नुसत्या मालकीच्या नोंदीत नसतो. सिंगापूरमध्ये बहुतांश जमीन राज्याची आहे. निवासी बांधकामासाठी ती सहसा ९९ वर्षांच्या, तर उद्योगांसाठी त्याहून बऱ्याच कमी मुदतीच्या पट्ट्याने दिली जाते, कारण कारखान्याचे आयुष्य घरापेक्षा कमी असते आणि त्या जागेचा वापर लवकर बदलावा लागू शकतो. मुदत संपल्यावर जमीन खरोखर परत घेतलीही जाते. गेलांग भागातील १९१ घरांचा ६० वर्षांचा पट्टा ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि ती जमीन मोबदला न देता राज्याकडे परत गेली. तेथे राहणाऱ्यांना हे जड गेले असणार, पण मुदत पहिल्या दिवसापासून कागदावर होती.

ॲमस्टरडॅमची कथा याहून गुंतागुंतीची आहे. त्या शहराने १८९६ पासून जमीन विकण्याऐवजी पट्ट्याने देण्याचे धोरण धरले, म्हणजे जमिनीची मूल्यवाढ संपूर्ण समाजाला मिळावी. धोरण चांगलेच होते; परंतु ठरावीक मुदतीनंतर भुईभाडे त्या वेळच्या जमिनीच्या मूल्यावरून नव्याने ठरत असे, आणि मूल्य भरमसाट वाढल्यावर सामान्य घरमालकांवर एकदम फार मोठा बोजा येऊ लागला. अखेर २०१६ मध्ये शहराने नव्या पट्ट्यांसाठी कायमस्वरूपी पट्ट्याची, म्हणजे भुईभाडे असे पुन्हा नव्याने न ठरवण्याची, पद्धत आणली. मला यातून असे दिसते की, भुईभाडे अधूनमधून थोडे थोडे आणि आधी सांगितलेल्या सूत्राने वाढले पाहिजे. पन्नास वर्षे गप्प राहून एकदम हिशेब मागणारी व्यवस्था लोक सहन करत नाहीत आणि मग चांगले तत्त्वही बदनाम होते.

याच्या उलट टोकाला, मालकी शहराकडे ठेवूनही शहराचे हात कसे बांधले जातात, हे शिकागोने दाखवले. डिसेंबर २००८ मध्ये त्या शहराने रस्त्यांवरील सुमारे ३६ हजार सशुल्क वाहनतळ-जागांचे उत्पन्न ७५ वर्षांसाठी एका खासगी कंपनीकडे सोपवले आणि सुमारे ११५ कोटी डॉलर घेतले. प्रस्ताव नगरसभेपुढे येऊन अवघ्या काही दिवसांत मंजूर झाला. पुढच्या वर्षी शहराच्याच कारभाराची तपासणी करणाऱ्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला की, हे उत्पन्न शहराकडे राहिले असते तर त्याचे मोल याहून किमान ९७ कोटी डॉलरने अधिक ठरले असते. पैशाइतकीच गंभीर बाब नियोजनाची होती. करारानुसार शहराने रस्ता बंद केला किंवा एखादी जागा काढून टाकली, तर ठरलेल्या मर्यादेपलीकडे कंपनीला भरपाई द्यावी लागते. म्हणजे सायकलींसाठी मार्गिका काढावी, पदपथ रुंद करावा किंवा बसला वेगळी वाट द्यावी, असे उद्याच्या नगरसभेला वाटले, तरी तिला आधी या कराराचा हिशेब पाहावा लागतो. रस्ते शहराचेच आहेत, पण ते कसे वापरायचे हे ठरवण्याचा हक्क तीन पिढ्यांसाठी गहाण पडला आहे. म्हणून भाडेपट्टा असो वा असा उत्पन्नाचा हक्क सोपवणारा सवलत करार, त्यातील मुदत, भाडेवाढीचे सूत्र, वापरबदलाला परवानगीची अट, पोटभाड्याचे नियम आणि सार्वजनिक कामासाठी जागा परत घेण्याचे कलम, एवढे वाचल्याशिवाय तो विक्रीपेक्षा बरा आहे असे म्हणता येत नाही.

प्रश्न : जमीन विकून आलेला पैसा कर्मचाऱ्यांचे पगार आणि थकीत देणी यांसाठी वापरला तर काय हरकत आहे? शेवटी तो शहरासाठीच खर्च होतो.

उत्तर : हरकत आहे. पगार दर वर्षी द्यावे लागतात आणि जमीन एकदाच विकता येते. शिकागोच्या त्या ११५ कोटींपैकी बहुतांश रक्कम काही वर्षांतच अर्थसंकल्पातील तूट भरण्यात संपली, आणि तूट मात्र तशीच राहिली. इंग्लंडमध्ये मालमत्ता विकून आलेला पैसा रोजच्या खर्चाला वापरण्यावर सर्वसाधारणपणे बंधन आहे, जरी २०१६ पासून तेथे काही सवलती दिल्या गेल्या आहेत. हाँगकाँगने १९८२ मध्ये वेगळा निधी उभारून जमिनीचे उत्पन्न सार्वजनिक बांधकामांकडे वळवले. सिंगापूरमध्ये जमीन विक्रीचा पैसा राखीव निधीत जातो आणि चालू सरकारला तो मनाप्रमाणे खर्च करता येत नाही. एक मालमत्ता गेली तर तिच्या जागी दुसरी टिकाऊ मालमत्ता यावी, एवढे साधे बंधन प्रत्येक शहराने स्वतःवर घालून घ्यायला हवे.

प्रश्न : आपल्या उत्तरांवरून सार्वजनिक जमीन कधीच विकू नये असे वाटते. विकणे योग्य ठरेल अशी परिस्थितीच नसते का?

उत्तर : असते, आणि ती नाकारणे चुकीचे ठरेल. डेट्रॉइटची लोकसंख्या घटत गेली तेव्हा करबुडीमुळे हजारो ओसाड घरे आणि मोकळे भूखंड सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात आले. अशा ठिकाणी किंमत हा मुख्य प्रश्नच नव्हता. गवत कापणे, पडकी घरे पाडणे आणि आगी विझवणे यांचाच खर्च मोठा होता. तेथील भूमी पेढीने, म्हणजे या जागा सांभाळणाऱ्या त्या सार्वजनिक संस्थेने, घराला लागून असलेले मोकळे भूखंड शेजाऱ्यांना १०० डॉलरला दिले. शेजारी जागा राखतो, त्यावर कर भरतो आणि परिसर सावरतो. बाजारभावाचा आग्रह धरला असता, तर त्या जागा आजही झुडपांखाली राहिल्या असत्या. पुनर्बांधणीसाठी घर घेणाऱ्याला मात्र ठरावीक काळात ते राहण्याजोगे करण्याची अट होती, हे विसरू नये.

स्वस्त किंमत योग्य केव्हा आणि घातक केव्हा, हे समोरच्या जबाबदाऱ्या पाहून ठरते. लंडनमधील वेस्टमिन्स्टरच्या परिषदेने देखभालीचा खर्च टाळण्यासाठी १९८७ मध्ये तीन दफनभूमी प्रत्येकी पाच पेन्सला विकल्या. त्यानंतर देखभाल कोलमडली, मृतांचे नातेवाईक संतापले आणि परिषदेला त्या परत मिळवण्यासाठी धडपडावे लागले. शेजाऱ्याला दिलेल्या भूखंडात आणि या दफनभूमींत किंमत दोन्हीकडे नाममात्रच होती. पण पहिल्या व्यवहारात जबाबदारी पेलू शकणारा माणूस घेणारा होता, दुसऱ्यात जबाबदारीच झटकली गेली.

काही जागा तर विकण्याच्या पलीकडच्याच मानल्या पाहिजेत. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने १८६९ मध्ये शिकागोच्या किनाऱ्यालगतचा हजार एकरांहून अधिक सरोवरतळ एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला आणि १८७३ मध्ये तो निर्णय मागे घेतला. १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मागे घेणे योग्य ठरवले, कारण नौकानयन आणि मासेमारीसाठी लोकांच्या वापरातले ते पाणी राज्याकडे विश्वस्त या नात्याने होते आणि विश्वस्ताला ठेव अशी वाटून टाकता येत नाही. किनारे, नदीकाठ, मोठी उद्याने आणि पाणलोटाच्या जमिनी यांना माझ्या मते हेच तत्त्व लागू व्हावे.

प्रश्न : वाटाघाटी चालू असताना माहिती उघड केली तर शहराची बाजू कमकुवत होते, असे सांगून कागदपत्रे दाखवली जात नाहीत. हे कितपत खरे आहे, आणि सामान्य नागरिकाने नेमके काय मागावे?

उत्तर : अगदी थोड्या भागापुरते खरे आहे. शहर किती कमी किमतीपर्यंत उतरायला तयार आहे, हा आकडा वाटाघाटी चालू असेपर्यंत गुप्त राहू शकतो. त्यापलीकडची गुप्तता बहुधा शहराच्या उपयोगाची नसते. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम शहराने आपले बेसबॉल मैदान आणि भोवतालची सुमारे १५० एकर जागा विकण्याचा करार केला होता. त्या राज्यात अतिरिक्त सार्वजनिक जमीन विकण्यापूर्वी ती परवडणाऱ्या घरांसाठी देऊ करण्याचा कायदा आहे, आणि तो मोडल्याचा निष्कर्ष राज्याच्या गृहनिर्माण विभागाने काढला. पाठोपाठ महापौरांची केंद्रीय यंत्रणेकडून चौकशी चालू असल्याचे उघड झाले, महापौरांनी राजीनामा दिला आणि मे २०२२ मध्ये नगरसभेने करारच रद्द केला. बंद दाराआड झालेला व्यवहार किती अल्पायुषी ठरू शकतो, हे विकासकांनीही लक्षात घ्यावे.

नागरिकाने पहिल्यांदा मागावी ती शहराच्या सर्व मिळकतींची अद्ययावत नोंदवही : कोणती जागा, किती क्षेत्र, कोणाच्या ताब्यात, कोणत्या मुदतीने, किती भाड्याने. अनेक शहरांकडे अशी एकत्र नोंद नसते, आणि आपल्याजवळ काय आहे हेच ठाऊक नसणारे शहर ‘अतिरिक्त’ जमीन कोणती ते कशावरून ठरवते, हा प्रश्न सभागृहात विचारायला हवा. त्यानंतर स्वतंत्र मूल्यांककाचा अहवाल पाहावा आणि त्यात जमिनीचा कोणता वापर गृहीत धरला आहे ते आवर्जून शोधावे. सध्याच्या वापरानुसार काढलेले मूल्य आणि उद्या मिळणाऱ्या परवानगीनुसार येणारे मूल्य यांतील अंतर तेथेच सापडते. करारात पुन्हा विक्री झाल्यास वाढीव नफ्यातील वाटा शहराला मिळण्याचे कलम आहे का, ठरलेल्या मुदतीत बांधकाम झाले नाही तर जमीन परत घेण्याचा हक्क आहे का, हेही वाचावे. हे सर्व मागण्याची योग्य वेळ म्हणजे आराखड्याच्या मसुद्यावर हरकती मागवल्या जातात तो काळ. विक्रीचा ठराव सभेपुढे येतो तेव्हा बहुतेक गोष्टी ठरून गेलेल्या असतात, म्हणून हरकत लेखी द्यावी, भूखंडाचा क्रमांक आणि सध्याचा वापर नमूद करावा, त्या जागेवर परिसराला काय हवे आहे ते कारणांसह लिहावे आणि पोच घेऊन ठेवावी.